शेऱ्याचा रकाना

“अण्णा, तुम्ही अडकलात,” प्रणिता म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी ती स्वतः अडकली.

टॅबवर तिचं तोंड अर्धं उघडं राहिलं. एक डोळा जागेवर होता, दुसऱ्याच्या जागी राखाडी चौकोन आले होते. आवाज तुटत तुटत येत होता. “आईला जरा... जवळ... दिसत नाही...”

“मी राउटर बंद करून चालू करते,” असं म्हणून शालन माझ्या शेजारून उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती परत आली तेव्हा चित्र एकदा हललं आणि पुन्हा थांबलं. शेवटी प्रणितानं व्हिडिओ बंद केला आणि माझ्या साध्या, बटणांच्या फोनवर फोन लावला.

“अण्णा, माझं एक काम करा,” ती म्हणाली. “ते नेट नीट करून घ्या. मी दिवसभर छताकडं बघत पडलेली असते. आठवड्यातनं एकदा आईचा चेहरा नीट दिसला तर तेवढंच बरं वाटतं.”

“पुढच्या रविवारी दिसेल,” मी म्हणालो.

प्रणिता आमची एकुलती एक लेक. ती आणि जावई अभिनंदन जर्मनीत राहत होते. तिला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी खाटेवरून उठायला बंदी केली होती. त्याच्या दोन वर्षं आधी तिचं एक बाळ सहाव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे या वेळी आम्ही कोणी तिच्यासमोर मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हतो. दर रविवारी चार वाजता ती टॅबवर यायची. टॅब अभिनंदननं पाठवलेला होता. त्यात सिमकार्ड नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त घरातल्या राउटरवर.

मी तासगावात बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतरही संध्याकाळी घरापुढच्या कट्ट्यावर गल्लीतली पोरं जमायची. भिंग, चुंबक, जुना ट्रान्झिस्टर, असं माझं सामान एका पत्र्याच्या पेटीत असायचं. नेट हळू चालतंय हे मला संकट वाटलंच नाही, प्रामाणिकपणे सांगायचं तर. मला तो एक चांगला धडा वाटला.

सोमवारी मी नाझनीनला बोलावलं. नाझनीन मणेर सहावीत होती. आमच्या परसदाराला लागून तिचं घर होतं आणि तिच्या आईचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. पोरगी हुशार आणि वाद घालणारी. तिला एखादी गोष्ट पटली नाही की ती नाक चोळत उभी राहायची, पण हलायची नाही.

“एक वही घे,” मी सांगितलं. “पाच रकाने आख. वार, वेळ, जागा, वेग, शेरा.”

“शेऱ्यात काय लिहायचं?”

“त्या वेळी जे वेगळं दिसेल ते. पाऊस होता, वीज गेली होती, जे दिसेल ते. आणि दोन नियम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. अंदाजे आकडा टाकलास तर वही फाडून टाकीन.”

“खरंच फाडाल?”

“आजवर तीन फाडल्यात.”

“तुमच्या वह्या फाडल्या असतील तर ठीक आहे,” ती म्हणाली. “ही माझी आहे.”

टॅबवर वेग मोजायचं एक ॲप होतं. दहा एमबीपीएसचं कनेक्शन होतं आमचं. रोज शाळेतून आली की नाझनीन सोप्यात, मधल्या खोलीत आणि कट्ट्यावर टॅब धरून उभी राहायची आणि आकडा लिहायची. सोप्यात साडेआठ, नऊ. मधल्या खोलीत साडेनऊ. कट्ट्यावर सात. सोमवार ते शनिवार सगळं उत्तम. रविवारी चार वाजता सोप्यात पॉइंट चार.

“पॉइंट चार?” मी विचारलं.

“शून्य पूर्णांक चार,” ती म्हणाली. “तीनदा मोजलं.”

त्या रविवारीही प्रणिता अडकली. त्या रविवारीही शालन उठली, राउटर बंद-चालू करून आली, आणि काही फरक पडला नाही.

नेटच्या कंपनीचा माणूस मंगळवारी आला. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन राउटर पाहिला. मागच्या गल्लीतल्या खांबावरून वायर आली होती, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली होती, म्हणून राउटर ओट्याच्या वरच्या फळीवर होता. फळीवर एका बाजूला राउटर, दुसऱ्या बाजूला शालनचे स्टीलचे डबे ओळीनं लावलेले. 

“सर, लाइन एक नंबर आहे,” तो म्हणाला. “रविवारी सगळं गाव घरात बसून सिनेमे बघतं. लोड येतो. आम्ही काय करणार?”

हे मला पटण्यासारखं वाटलं. नाझनीन नाक चोळायला लागली.

“काय झालं?”

“आमच्या घरी पण हेच नेट आहे,” ती म्हणाली. “लोड आला तर आमच्यात पण यायला पाहिजे.”

“मग?”

“मग रविवारी चारला मी अब्बूच्या मोबाइलवर आमच्या घरी मोजते. तुम्ही इथं मोजा.”

मला फार आनंद झाला. बत्तीस वर्षांत असं आपणहून म्हणणारी पोरं मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजली असतील. तिसऱ्या रविवारी आम्ही तसंच केलं. तिच्या घरी आठ. माझ्याकडे पॉइंट पाच. मधे एक भिंत आणि एक परस.

फोनवर प्रणिता हसत होती, पण ते हसणं ओढूनताणून होतं. “अण्णा, अख्ख्या तालुक्याला विज्ञान शिकवलंत आणि घरातला राउटर ऐकत नाही होय तुमचं?”

“शोधतोय मी. आता लोड नाही हे नक्की झालं.”

“मला कारण नको आहे, अण्णा. मला आई बघायची आहे.”

फोन ठेवल्यावर मी शालनला म्हणालो, “पुढच्या रविवारी मणेरांच्या घरी जाऊन बसू. टॅब तिथं चालेल.”

“लोकांच्या घरी बसून लेकीशी बोलायचं?” ती म्हणाली. “बाळंतपणाच्या गोष्टी असतात. काहीतरीच तुमचं.”

ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी तिचं म्हणणं मान्य केलं, कारण तेही मला पटण्यासारखं वाटलं. त्या दिवसांत मला बऱ्याच गोष्टी पटण्यासारख्या वाटत होत्या.

चौथ्या रविवारसाठी मी टॅब बदलायचं ठरवलं. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा लॅपटॉप मागून आणला. साडेतीनला मी सोप्यात लॅपटॉप मांडून बसलो. नाझनीन यायची होती, पण आली नाही. चार वाजता चित्र अडकलं. म्हणजे टॅबचाही दोष नव्हता. मी आकडा एका कागदावर लिहून ठेवला.

नाझनीन सोमवारी आली. वही छातीशी धरून कट्ट्याच्या पायरीवर उभी राहिली, वर चढली नाही.

“काल कुठं होतीस?”

“मागच्या दारानं येत होते.”

“मग?”

“मग परत गेले.”

मी तिला कालचा कागद दिला. तिनं आकडा वहीत उतरवला आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून थांबली.

“सर, कुणी सांगू नको म्हटलं असेल, आणि वहीत खोटं पण लिहायचं नसेल, तर काय करायचं?”

“कोण म्हणालं सांगू नको?”

“ते सांगितलं तर सांगितल्यासारखंच झालं की.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रडवेला नव्हता. गणित अडल्यावर होतो तसा झाला होता. मी म्हणालो, “शब्द दिला असशील तर सांगू नको. रकाना रिकामा ठेव.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली. थोडा वेळ नाक चोळलं. मग म्हणाली, “मी एक प्रयोग करून दाखवू का? तुम्हीच दिवाळीच्या सुट्टीत आम्हाला दाखवलेला.”

“दाखव.”

तिनं माझ्या पेटीतून ट्रान्झिस्टर काढला आणि सांगली केंद्र लावलं. शेतकऱ्यांसाठी द्राक्षावरच्या रोगाची काहीतरी माहिती चालली होती. मग ती आत गेली आणि मोठा स्टीलचा डबा घेऊन आली. शालनचा लाडवांचा डबा होता तो, माहेरचं नाव कोरलेला. तिनं ट्रान्झिस्टर कट्ट्यावर ठेवला आणि डबा त्याच्यावर पालथा घातला.

माहिती सांगणारा माणूस वाक्याच्या मधेच गप्प झाला. नुसती खरखर उरली.

नाझनीननं डबा उचलला. माणूस पुन्हा बोलायला लागला. तिनं डबा परत पालथा घातला आणि माझ्याकडे बघत राहिली.

हा प्रयोग मी शेकडो वेळा केला असेल. धातूच्या आत लहरी अडतात. पोरांना तो जादूसारखा वाटतो. त्या दिवशी मी पोरांच्या जागी बसलो होतो, आणि मला समजायला पोरांपेक्षा जास्त वेळ लागला.

“हाच डबा?” मी विचारलं.

तिनं डबा उचलून हातात धरला.

“पण का?”

“ते मला माहीत नाही, सर. खरंच माहीत नाही.” ती खाली बसली. डब्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, “पण दुसरी एक गोष्ट आहे, ती सांगू नको असं कोणी म्हटलेलं नाही. नागपंचमीला अम्मीनं आजींना बांगड्या भरल्या ना, तेव्हा अम्मी घरी येऊन रडली.”

“का?”

“आजींचं माप अडीच. अम्मीच्या लग्नापासून अडीच. या वर्षी दोन मापं कमी भरल्या. सव्वादोन. अम्मी म्हणाली, म्हातारपणी हात सुटतो, आवळत नाही.” ती थांबली. “आता त्या पण कोपरापर्यंत जातात. मी बघितलं काल. डबा वर ठेवताना.”

तिच्या तोंडून शेवटचं वाक्य निसटलं होतं. तिनं ओठ दाबले. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि तिला घरी पाठवलं.

डबा घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. शालन भाकरी थापत होती. मी दारात उभा राहून तिचे हात बघितले. चाळीस वर्षं ते हात माझ्या ताटात वाढत आले होते. काठवटीत भाकरी फिरत होती आणि हिरव्या बांगड्या मनगट सोडून वर वर सरकत होत्या. प्रत्येक भाकरीला ती हात झटकून त्या खाली आणत होती. ही सवय तिला कधी लागली ते मला सांगता आलं नसतं.

मी डबा ओट्यावर ठेवला.

तिनं डब्याकडे पाहिलं, तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला.

“नाझनीननं सांगितलं?”

“नाही. तिनं प्रयोग करून दाखवला.”

शालन थोडंसं हसली. “तुमचीच विद्यार्थिनी.”

“तूही माझीच दिसतेस.”

“तुम्ही कट्ट्यावर पोरांना शिकवत होता, मी आत भाकऱ्या थापत होते. कान काय बंद करून घेतले होते?” तिनं भाकरी फुगवून दुरडीत टाकली. “ट्रान्झिस्टर डब्यात घालून गप्प करायचा प्रयोग माझ्या डब्यांवरच व्हायचा. एकदा त्या ट्रान्झिस्टरला मुंग्या लागल्या होत्या लाडवाच्या.”

“शालन, काय झालंय तुला?”

तिनं गॅस बंद केला. पदरानं हात पुसले. मग पाटावर बसली, आणि बसताना तिनं पोटाला हात लावला तो मला पहिल्यांदा दिसला.

“आषाढात मी मिरजेला गेले होते ना, मावसबहिणीच्या नातवाच्या बारशाला,” ती म्हणाली. “बारसं नव्हतं. पोटात गाठ आहे. तपासून झालंय सगळं. चांगली गाठ नाही.”

मी खाली बसलो. फरशी गार होती.

“डॉक्टर म्हणाले लवकर काढू. मी म्हटलं, लेकीचं बाळंतपण होऊ दे.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही.” ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं एखाद्याला पोहता येत नाही म्हणावं तसं. “तिनं फोनवर विचारलं असतं, अण्णा, आई बरी आहे ना? तुम्ही तिथंच गडबडला असता. अहो, घरी नाही असं सांगायचं ठरलं, तर दारात आलेल्या माणसाला ‘मी घरी नाही’ असं तुम्ही स्वतः जाऊन सांगाल.”

“मी रोज तुझ्यासमोर बसून जेवतो, शालन.”

“तुम्ही ताटात बघता.”

तिचा टोमणा नव्हता तो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. बांगड्या माझ्या गुडघ्याला लागत होत्या.

“रोज बघणाऱ्याला कळत नाही,” ती म्हणाली. “तिला कळतं. आषाढ संपताना शेवटचं नीट बोलणं झालं, तेव्हा ती म्हणाली, आई, जरा कॅमेऱ्याजवळ ये गं, गळ्याची हाडं का दिसतायत? मी म्हटलं उजेड तसा पडलाय. पुढच्या वेळेला तिनं मानलं नसतं. तिनं मला बघितलं असतं आणि विमानात बसली असती. किंवा बसता आलं नाही म्हणून तिथं पडून रडली असती. पहिलं कसं गेलं ते आठवतंय ना तुम्हाला?”

मला आठवत होतं.

“ती बघायला मागते आहे,” मी म्हणालो. “मी तिला शब्द दिलाय.”

“मी पण दिलाय. पोटातल्याला.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खरं काय ते कळायलाच हवं, हे मी आयुष्यभर पोरांच्या मनावर ठसवलं होतं. ते कधी कळावं आणि कोणाला आधी कळावं, याचा धडा माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

“उद्या मिरजेला जायचं,” मी शेवटी म्हणालो. “थांबायचं नाही. डॉक्टर सांगतील त्या दिवशी शस्त्रक्रिया. हे मी ऐकणार नाही.”

“जाऊ.” तिनं डब्याकडे हात केला. “आणि हा?”

मी डबा हातात घेतला.

“मला हात वर करायला त्रास होतो आता,” ती म्हणाली. “काल तो पडणार होता. त्या पोरीनं धरला.”

पाचव्या रविवारी पावणेचारला डबा मी पालथा घातला.

फळीपर्यंत माझा हात सहज पोचत होता. राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते, ते डब्याखाली गेले. दोन वायरी काठाखालून बाहेर आल्या. इतर डब्यांच्या ओळीत तो एक डबा उलटा होता, एवढाच फरक. सोप्यात येऊन मी टॅब लावला. चार वाजता प्रणिता आली, तिच्या चेहऱ्याचे चौकोन झाले.

“अण्णा, अजून तसंच?”

“शोधतोय, बाळ,” मी म्हणालो.

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी गडबडलो नव्हतो.

नाझनीन त्या दिवशी कट्ट्यावर बसून होती. मी बाहेर आलो तेव्हा तिनं वही पुढं केली. “चार वाजताचा आकडा मोजू?”

“नको.”

“मग काय लिहू?”

“मोजलं नाही ते लिहायचं नाही.”

तिनं वार आणि वेळ लिहिली. वेगाचा रकाना रिकामा ठेवला, शेऱ्याचाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “सर, आजी बऱ्या होणार ना?”

“ते पण मोजलेलं नाही अजून,” मी म्हणालो.

सातव्या रविवारी शालन मिरजेत खाटेवर होती. शस्त्रक्रिया होऊन पाचवा दिवस. व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. मी फोन तिच्या कानाशी धरला. शेजारच्या खाटेजवळ नर्सच्या हातून ट्रे पडला आणि मोठा आवाज झाला.

“काय पडलं, आई?”

“फळीवरचा डबा,” शालन म्हणाली. “मांजर आलंय.”

बोलताना तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. मी पंच्यानं पुसत होतो. तिकडून प्रणिता सांगत होती की बाळ रात्रभर लाथा मारतं, झोपू देत नाही. शालन डोळे मिटून ऐकत होती आणि मधे मधे “मारू दे, मारू दे” म्हणत होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ पूर्ण निघालेली नाही. औषधं देऊ. काही महिने चांगले जातील. मी किती म्हणून विचारलं. आकडा सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. अंदाजे आकडा त्यांनी टाकला नाही, एवढंच.

नववा रविवार झाला, दहावा झाला. दर वेळी डबा मी ठेवायचो आणि फोन झाला की मीच काढायचो. प्रणितानं नेटबद्दल विचारायचं सोडून दिलं होतं. एकदा नुसतं म्हणाली, “अण्णा, तुम्ही आता शोधत पण नाही ना?” मी म्हणालो, “शोधतोय.” ते वाक्य मला आता चांगलंच जमायला लागलं होतं.

अकराव्या रविवारच्या आधी, गुरुवारी, अभिनंदनचा फोन आला. मुलगी झाली. दोघीही सुखरूप. मी शालनला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसून औषधाची गोळी हातात घेऊन होती. तिनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि मग म्हणाली, “रुकय्याला बोलवा. बांगड्या भरायच्यात.”

रुकय्या म्हणजे नाझनीनची आई. ती शनिवारी पेटी घेऊन आली. तिनं जुन्या बांगड्या सहज ओढून काढल्या. त्या काढायला तेल, साबण काही लागलं नाही. मग तिनं पेटीच्या तळातून लहान मुलींच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि शालनचा हात मांडीवर घेऊन एकेक करत भरल्या.

“घट्ट होतायत का, काकू?”

“होऊ दे,” शालन म्हणाली. “हात वर केला तर सरकायला नकोत.”

रविवारी साडेतीनला ती नवी साडी नेसून सोप्यात येऊन बसली. केस गेले होते, म्हणून पदर डोक्यावरून घेतला होता. गालाला पावडर लावली होती, ती गालापेक्षा पांढरी दिसत होती. नाझनीन वही घेऊन दारात उभी होती.

मी सवयीनं स्वयंपाकघराकडे निघालो.

“अहो,” शालननं मागून हाक मारली. “डबा ठेवू नका आज.”

चार वाजता टॅब वाजला. पडदा उघडला आणि प्रणिता दिसली. तिच्या कपाळावरचे चिकटलेले केस दिसले, उशीवरचं फूल दिसलं, तिच्या दंडावर झोपलेल्या बाळाची मूठ दिसली. काहीही अडकत नव्हतं. म्हणजे तिलाही आमच्याकडचं सगळं तसंच दिसत होतं.

ती काहीतरी बोलायला लागली होती, ती थांबली.

मला वाटलं, चित्र अडकलं. मी टॅबच्या कडेवर बोट टेकवलं. पण बाळाची मूठ हलत होती. प्रणिता आईकडे बघत होती. आधी चेहऱ्याकडे, मग डोक्यावरच्या पदराकडे, मग गळ्याकडे. शालननं नातीला बांगड्या दाखवायला हात वर केला. बांगड्या जागच्या हलल्या नाहीत.

“नेट चांगलं झालं वाटतं,” प्रणिता म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता.

“ह्यांनी नीट केलं,” शालन म्हणाली.

“अण्णा, काय बिघडलं होतं?”

मी शालनकडे पाहिलं. तिनं मला कोणतीही खूण केली नाही. ती नातीकडे बघत होती.

“राउटरवर डबा होता,” मी म्हणालो.

“स्टीलचा?”

“हो.”

तीही त्याच कट्ट्यावर वाढलेली. तो प्रयोग तिनं पाचव्या वर्षी पाहिला होता, आणि आतला माणूस गुदमरेल म्हणून रडली होती. तिला पुढचं विचारावं लागलं नाही.

“किती दिवस?”

“पहिले चार रविवार तुझ्या आईनं ठेवला. पुढचे मी.”

प्रणितानं बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग पुन्हा सारखं केलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बाळाच्या टोपीवर पडलं तेही आम्हाला स्पष्ट दिसलं.

“आई,” ती म्हणाली, “ही बघ. हिचं कपाळ तुझ्यासारखं आहे.”

“जवळ आण,” शालन म्हणाली. “मला नीट दिसू दे.”

प्रणितानं बाळ कॅमेऱ्याजवळ धरलं. पडदाभर एक झोपलेलं कपाळ. शालन पुढं वाकली आणि तिनं काचेवर बोटं टेकवली. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आणि कोणी अडकलंही नव्हतं.

“बाळ जरा मोठं झालं की येते मी,” प्रणिता म्हणाली. “तोपर्यंत रोज चार वाजता. नुसतं रविवारी नाही, रोज. आणि तो डबा...”

“तो डबा मला लागणार आहे,” शालन म्हणाली. “बाळंतिणीला डिंकाचे लाडू नकोत?”

डिसेंबरात प्रणिता आली. लाडू शालननं वळले नाहीत, तिला वळता आले नाहीत. ती पाटावर बसून सांगत होती, आणि मी आणि नाझनीन वळत होतो. आमचे लाडू लहानमोठे झाले. शालननं ते मापावरून वेगवेगळे केले, आणि पोरींसमोर माझी चेष्टा केली. पुढची नागपंचमी तिला मिळाली नाही.

नाझनीन आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. ती वही अजून माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे, ट्रान्झिस्टरच्या खाली. मधल्या सहा रविवारांच्या ओळींत वेग आणि शेरा कोरे आहेत. शेवटच्या ओळीत वेगाखाली नऊ पूर्णांक दोन लिहिलंय. शेऱ्याच्या रकान्यात तिच्या त्या वेळच्या, जरा वाकड्या अक्षरात इतकंच आहे:

‘डबा काढला. आजी दिसल्या.’